जामीन मंजूर, तरी माणूस आतच: गरीब कैद्यांसाठीच्या सरकारी मदतीपर्यंत कसं पोहोचायचं

न्यायालयाने जामीन दिला आणि महिना उलटला तरी माणूस तुरुंगातच आहे, कारण जामीनदार मिळत नाही किंवा भरायला पैसे नाहीत. अशांसाठी केंद्र सरकारची ‘गरीब कैद्यांना सहाय्य’ योजना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचना जून २०२३ मध्ये निघाल्या. या योजनेसाठी लोक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर अर्ज टाकतात, आमदाराचं पत्र जोडतात आणि वाट बघत बसतात. तिथून काही हलत नाही, कारण सुरुवात त्या खिडकीपासून होतच नाही. ती होते तुरुंग अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण या दोन टेबलांवर, आणि जामिनाच्या आदेशाच्या तारखेपासून.

पुढचं सगळं नातेवाइकांसाठी, विधी स्वयंसेवकांसाठी आणि गावातल्या त्या एका माणसासाठी आहे ज्याच्याकडे सगळे कागद घेऊन येतात. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक प्रकरणं योजनेत पैसे नसल्यामुळे अडत नाहीत. कुठला तरी कागद चुकीच्या वेळी चुकीच्या जागी दिलेला असतो.

## आधी फाइल तयार करा

एका फाइलमध्ये एवढं हवंच:

- कैद्याचं पूर्ण नाव, एफआयआरमध्ये लिहिलंय अगदी तसं. आधारवर वेगळं असेल तर तेही शेजारी लिहून ठेवा.
- पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, लावलेली कलमं.
- न्यायालयाचं नाव, खटल्याचा किंवा जामीन अर्जाचा क्रमांक आणि सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक. सीएनआर असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याची सगळी माहिती मिळते.
- तुरुंगाचं नाव आणि बंदी क्रमांक. हा क्रमांक मुलाखतीच्या वेळी विचारून घ्या.
- जामिनाचा आदेश. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला वेळ लागतो, तोवर संकेतस्थळावरची प्रत चालवा.
- घरची परिस्थिती दाखवणारं जे असेल ते: शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, भाडेपावती, जॉबकार्ड.

यातलं शेवटचं काही नसेल तरी थांबू नका. परिस्थितीची चौकशी प्राधिकरणाने करायची आहे, कागद फक्त ती चौकशी लवकर आटोपायला मदत करतात.

## पायरी १: नेमकं कशामुळे अडलंय ते शोधा

या पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात. ‘पैसे नाहीत म्हणून सुटत नाही’ असं घरचे ठामपणे सांगतात आणि चौकशी केली की भलतंच निघतं. तुरुंगाच्या न्यायविभागात किंवा तुरुंगातल्या विधी सहाय्य कक्षात जाऊन यापैकी काय आहे ते विचारा:

दुसरा गुन्हा. एका प्रकरणात जामीन झाला, पण दुसऱ्या ठाण्याच्या गुन्ह्यात तो अजून न्यायालयीन कोठडीत आहे किंवा दुसऱ्या न्यायालयाचं हजर वॉरंट (कैद्याला त्या न्यायालयात हजर करण्याचा हुकूम) तुरुंगात येऊन पडलंय. अशा वेळी या प्रकरणाची रक्कम भरूनही दार उघडणार नाही. आधी त्या दुसऱ्या प्रकरणात जामीन घ्यावा लागेल.

कागद पोहोचला नाही. जामीनदार दिला, न्यायालयाने सुटकेचा आदेशही काढला, पण तो तुरुंगात आला नाही किंवा त्यातलं नाव जुळत नाही. इथे योजना लागत नाही, न्यायालयाच्या कार्यालयात एक चक्कर लागते.

जामीनदाराची पडताळणी रखडली. जामीनदार उभा आहे, पण त्याच्या कागदांचा पोलीस अहवाल आलेला नाही.

जामीनदार किंवा रक्कम नाहीच. योजना आहे ती यांच्यासाठी.

> तपासा: कैद्यावर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, पीएमएलए (मनी लाँडरिंग), एनडीपीएस (अमली पदार्थ) किंवा यूएपीए (बेकायदा कृत्ये) यातलं कलम आहे का? असेल तर योजनेचा लाभ मिळत नाही. त्याने थेट पायरी ५ कडे जावं. तो मार्ग त्याला खुला आहे.

## पायरी २: आदेशातलं ते एक वाक्य नीट वाचा

जामिनाचा आदेश तीन-चार पानांचा असला तरी कामाचा भाग शेवटी असतो आणि साधारण असा असतो: ‘अर्जदारास रु. १५,०००/- च्या वैयक्तिक जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या एक किंवा दोन सक्षम जामीनदारांवर मुक्त करण्यात यावे.’

घरचे हे वाचतात आणि पंधरा हजार जमवायला धावतात. कुणी मंगळसूत्र गहाण ठेवतं, कुणी सावकाराकडे जातं. पण या वाक्यात पंधरा हजार भरा असं कुठेही म्हटलेलं नाही. जातमुचलका म्हणजे कैद्याने स्वतः लिहून द्यायचं वचन: तारखेला आलो नाही तर एवढी रक्कम माझ्याकडून वसूल करा. जामीनदारही तेच वचन देतो आणि आपली तेवढी ऐपत आहे हे सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक दाखवून सिद्ध करतो. रोख एक रुपयाही भरायचा नसतो.

रोख भरायची वेळ येते ती आदेशात ‘रोख जामीन’ लिहिलं असेल तेव्हा, किंवा जामीनदाराऐवजी रोख भरण्याची परवानगी मागून घेतली असेल तेव्हा. अशी परवानगी बऱ्याचदा मुदतीची असते: अमुक आठवडे रोखीवर सोडा, तेवढ्यात जामीनदार द्या. ती मुदत कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. ती चुकली की सुटलेला माणूस परत आत जातो.

म्हणून आदेश वाचून तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडा. रक्कम किती? जामीनदार हवा की रोख? ‘स्थानिक जामीनदार’ अशी अट आहे का? परजिल्ह्यातल्या किंवा परराज्यातल्या मजुराला सगळ्यात जास्त छळते ती ही तिसरी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण असल्याचं नोंदवलं आणि न्यायालयं अशी अट न घालण्याचा विचार करू शकतात असं म्हटलं. तुमच्या अर्जात याचा उल्लेख करा.

> सावध: न्यायालयाच्या आवारात ‘जामीनदार मिळवून देतो’ म्हणणारे भेटतील. ते भाड्याचा माणूस आणि दुसऱ्याच कुणाचा सातबारा आणतात. पडताळणीत बनावट कागद सापडले की नवा गुन्हा दाखल होतो, जामीन धोक्यात येतो आणि दिलेले पैसे जातात ते जातातच.

## पायरी ३: सात दिवस मोजा

योजनेचं घड्याळ जामीन मंजूर झाल्याच्या तारखेपासून चालू होतं. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या त्याच आदेशाने न्यायालयांना सांगितलं आहे की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवा. तुरुंगाने ती तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत भरायची असते.

कागदावर सगळं आपोआप होतं. प्रत्यक्षात तारीख भरायची राहून जाते आणि तारीखच नसेल तर सात दिवस मोजणार कोण? त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तुरुंगात विचारा: जामिनाचा आदेश आला का, तारीख नोंदवली का? आला नसेल तर छापील प्रत अधीक्षकांच्या नावे अर्जासोबत द्या आणि पोच घ्या.

हे सात दिवस रिकामे घालवू नका. फाइल पुरी करा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, गावात खरा जामीनदार मिळतो का ते बघा. मिळाला तर योजनेची गरजच उरत नाही आणि सुटकेचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

## पायरी ४: प्राधिकरणाकडे अर्ज द्या

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. सापडलं नाही तर १५१०० या मोफत क्रमांकावर विचारा. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तेव्हा ‘आमचा खासगी वकील होता, आता चालेल का’ अशी शंका काढत बसू नका.

अर्ज एक पानी असावा. अन्याय, पोलीस, शेजाऱ्याचं वैर यातलं काही लिहू नका. मजकूर असा:

> *प्रति, मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ……*
>
> *विषय: जामीन मंजूर होऊनही सुटका न झालेल्या बंद्याबाबत, गरीब कैद्यांना सहाय्य योजनेखाली मदत मिळणेबाबत.*
>
> *…… कारागृहातील न्यायाधीन बंदी …… (बंदी क्र. ……) यांना …… पोलीस ठाणे गु. र. नं. ……/…… मध्ये मा. …… न्यायालयाने दि. …… रोजी रु. …… च्या जामिनावर मुक्त करण्याचा आदेश दिला आहे. आज दि. …… पर्यंत, म्हणजे …… दिवस, जामीनदार/रक्कम देऊ न शकल्याने सुटका झालेली नाही. बंद्यावर अन्य प्रकरण प्रलंबित नाही / आहे (तपशील ……). आर्थिक परिस्थितीची चौकशी करून प्रकरण अधिकारप्राप्त समितीसमोर ठेवावे आणि अट शिथिल करण्यासाठी न्यायालयात अर्ज करण्यास विधी सहाय्य वकील नेमावा, ही विनंती.*

शेवटच्या वाक्यात मुद्दाम दोन विनंत्या आहेत. पैसे आणि अट-शिथिली असे दोन्ही रस्ते एकाच दिवशी चालू होतात. अन्य प्रकरणाची ओळ लपवू नका. ती चौकशीत निघतेच आणि तेव्हा सगळा अर्ज संशयात येतो.

दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर तारखेसह शिक्का घ्या. कैद्याचं स्वतःचं निवेदन तुरुंगातूनही जाऊ शकतं. दोन्ही गेली तर उत्तम.

## पायरी ५: न्यायालयातला समांतर अर्ज

खरं सांगायचं तर बऱ्याच प्रकरणांत माणूस सुटतो तो या पायरीने. पैसे मंजूर करणारी समिती (पायरी ७) बसेपर्यंत वकिलाने न्यायालयात अर्ज टाकलेला असावा. मागण्या परिस्थितीप्रमाणे निवडा:

- रक्कम कमी करा. जातमुचलक्याची रक्कम अवाजवी नसावी असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतं आणि उच्च व सत्र न्यायालय ती कमी करू शकतं.
- जामीनदाराऐवजी रोख ठेव स्वीकारा (कलम ४९०). योजनेचे पैसे न्यायालयाला बहुधा मुदत ठेवीच्या रूपात दिले जातात. आदेशात फक्त जामीनदार लिहिला असेल तर ही परवानगी आधीच घेऊन ठेवा. नाहीतर पैसे मंजूर होतात आणि ते स्वीकारायला आदेश नसतो.
- ठरावीक मुदतीसाठी तात्पुरतं सोडा, बाहेर येऊन जामीनदार देतो. २०२३ च्या आदेशात हा पर्याय स्पष्ट आहे.
- एकापेक्षा जास्त गुन्हे असतील तर तेच जामीनदार सगळीकडे चालवा. गिरीश गांधी प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी मुभा दिली आहे.

जामीन मंजूर होऊन एक महिना झाला आणि तरीही जामीनपत्र दिलं गेलं नसेल, तर न्यायालय स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या आदेशात आहे. महिना पूर्ण झाला की वकिलाला याची आठवण द्या.

गुन्हा जामीनपात्र असेल तर गोष्ट आणखी सोपी आहे. कलम ४७८ नुसार अटकेपासून आठवड्याभरात जामीन देता आला नाही तर ती व्यक्ती निर्धन आहे असं गृहीत धरता येतं आणि जामीनदाराशिवाय, निव्वळ बंधपत्रावर सोडायचं असतं. जामीनपात्र गुन्ह्यातला माणूस महिनाभर आत दिसला तर योजनेचा अर्ज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हे कलम दाखवा.

> तपासा: आत किती काळ गेला? कलम ४७९ प्रमाणे त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ कच्च्या कैदेत (खटला संपण्याआधी) गेला असेल तर जामीन मागता येतो. आधी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश पुरतो आणि त्याला ‘बंधपत्रावर’ म्हणजे जामीनदाराशिवाय सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही आणि अनेक प्रकरणं प्रलंबित असतील तरी अडचण येते. असा अर्ज करणं तुरुंग अधीक्षकाचं कर्तव्य आहे, पण हिशेब तुम्ही मांडून दिलात तर काम पुढे सरकतं.

## पायरी ६: चौकशी

प्राधिकरण परिस्थितीची खातरजमा करतं. त्यासाठी परिवीक्षा अधिकारी, समाजसेवक किंवा महसूल खात्याची मदत घेतली जाते. मूळ सूचनांत यासाठी दहा दिवस दिले आहेत.

घरी माणूस आला की घरातल्या सगळ्यांनी एकच आणि खरी माहिती द्या. आई म्हणते जमीन नाही आणि भाऊ म्हणतो दीड एकर आहे, अशाने अहवाल बिघडतो. सामायिक सातबाऱ्यावर नाव असेल तर तसं सांगा आणि वाट्याला किती येते, ती पिकते की पडीक आहे, तेही सांगा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मदत मिळणार नाही अशा समजुतीने लोक ते लपवतात आणि नोंद तर ऑनलाइन कुणालाही दिसते.

घर बंद असेल, कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलं असेल तर आत्ताचा पत्ता आणि फोन आधीच कळवून ठेवा. ‘पत्त्यावर कोणी आढळले नाही’ हा शेरा पडला की प्रकरण पुढच्या बैठकीवर जातं.

## पायरी ७: समिती आणि रक्कम

जिल्हा पातळीवरच्या अधिकारप्राप्त समितीत जिल्हाधिकारी, प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंगाचे अधीक्षक किंवा उपअधीक्षक आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले न्यायाधीश असतात. मूळ सूचनांप्रमाणे सचिव दर दोन-तीन आठवड्यांनी प्रकरणं तिच्यासमोर ठेवतात. जिल्हाधिकाऱ्यांना वेगळा अर्ज लागत नाही तो यामुळेच.

२०२३ च्या सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्यासाठी प्रत्येक प्रकरणी ४०,००० रुपयांपर्यंतची रक्कम ही समिती मंजूर करते. त्यावरची मागणी राज्य पातळीवरच्या देखरेख समितीकडे जाते. कार्यपद्धतीत नंतर सुधारणा झाल्या आहेत, त्यामुळे सध्याची मर्यादा आणि मुदती सचिवांच्या कार्यालयातून विचारूनच अर्जात आकडा टाका. जामिनाची रक्कम मर्यादेच्या वर असेल तर आधी पायरी ५ मधून ती कमी करून घेणं शहाणपणाचं. राज्यापर्यंत गेलेली फाइल सावकाश परत येते.

पैसे कैद्याच्या किंवा घरच्यांच्या हातात पडत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी केंद्र, म्हणजे एनसीआरबी, ही या निधीची मध्यवर्ती संस्था आहे आणि तिच्या खात्यातून रक्कम न्यायालयाकडे जाते. कुणी ‘योजनेचे पैसे काढून देतो, दहा टक्के द्या’ म्हणालं तर तो फसवतोय.

बैठकीची तारीख विचारा. त्या आधी दोन दिवस तुमचं प्रकरण यादीत आहे का ते विचारा. एवढा एक फोन अनेकांचे तीन आठवडे वाचवतो.

## पायरी ८: सुटकेचा आदेश

रक्कम जमा झाली किंवा अट शिथिल झाली की कैद्याचा जातमुचलका होतो आणि न्यायालय तुरुंगाच्या नावे सुटकेचा आदेश काढतं. तो तुमच्यासमोर टाइप होत असेल तर नाव, वडिलांचं नाव, गुन्हा नंबर, कलमं आणि तुरुंग एकेक शब्द जुळवा. ‘शेख रफिक शेख चाँद’चं ‘रफिक चाँद शेख’ झालं की तुरुंग आदेश परत पाठवतो, आणि ते बरोबरच करतात, चुकीचा माणूस सोडणं त्यांना परवडत नाही. दुरुस्तीला न्यायालयच लागतं आणि मध्ये शनिवार-रविवार आला तर दोन रात्री वाढतात.

मोठ्या तुरुंगांत आदेश टाकायला जामीन पेटी असते आणि ती ठरलेल्या वेळी उघडतात. संध्याकाळची वेळ टळली तर सुटका दुसऱ्या दिवशी. शक्य असेल तर आदेश सकाळच्या सत्रात घ्या.

## शिक्षा संपली, पण दंड बाकी आहे?

शिक्षाबंद्यांचा मार्ग थोडा वेगळा आहे. मुख्य शिक्षा भोगून झाली, पण दंड न भरल्यामुळे त्याबदलची जादा कैद चालू आहे, अशा वेळी तुरुंग अधीक्षकाने सात दिवसांत प्राधिकरणाला कळवायचं. चौकशीलाही सातच दिवस. मूळ सूचनांत जिल्हा समितीची मर्यादा इथे २५,००० रुपये आहे, त्यावर राज्य समिती.

मुख्य शिक्षा संपायच्या दोन-तीन महिने आधीच तुरुंगात विचारा: दंड किती, त्याबदली कैद किती आणि किती भरला गेलाय. निकालपत्रात प्रत्येक कलमाखाली वेगळा दंड असतो आणि घरच्यांना बहुतेकदा एकच आकडा माहीत असतो. सगळ्यांची बेरीज करूनच अर्जात लिहा.

थोडे पैसे जमत असतील तरी भरा. दंडाबदलची कैद भरलेल्या रकमेच्या प्रमाणात कमी होते. समजा १,००० रुपये दंड आणि तो न भरल्यास चार महिने कैद आहे. पहिला महिना संपायच्या आत ७५० रुपये भरले, तर महिना पूर्ण होताच सुटका. ‘पूर्ण जमले की भरू’ म्हणून थांबणारे उगाच दिवस वाढवतात. दंड भरला किंवा वसूल झाला की ही कैद तिथेच संपते, उरलेले दिवस भोगावे लागत नाहीत.

## सुटल्यानंतर

योजनेतली रक्कम बक्षीस नाही. ती फक्त जामिनासाठी आहे आणि निकाल लागला, मग सुटका होवो वा शिक्षा, की न्यायालयाच्या आदेशाने ती सरकारकडे परत जाते. शिक्षा झाली आणि अपिलासाठी जामीन मिळाला तर तीच रक्कम त्या जामिनासाठी वापरता येते. निकालाच्या दिवशी वकिलाने हे न्यायालयाच्या लक्षात आणून द्यायला हवं, नाहीतर अपिलाच्या वेळी पुन्हा पायरी १ पासून.

तारखा चुकवू नका. गैरहजेरीत वॉरंट निघालं तर जामीन रद्द होऊ शकतो. पुढची तारीख सीएनआर क्रमांक टाकून ई-कोर्ट्सवर आदल्या दिवशी बघा, कारण तारखा बदलतात. आदेशात पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर प्रत्येक वेळी नोंदवहीत सही करा आणि जमल्यास त्या पानाचा फोटो मागून घ्या. कामासाठी गाव सोडावं लागलं तर नवा पत्ता न्यायालयाला लेखी कळवा. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं तरी ‘मला कळलंच नाही’ हे उत्तर चालत नाही.